फोनमधले फोटो, गाणी आणि व्हिडिओ टिकवायचे कसे? मेमरी कार्ड भरण्यापासून क्लाउडपर्यंत

'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की घरोघरी एकच उपाय होतो. गॅलरी उघडायची, दिसेल ते पटापट निवडायचं आणि डिलीट मारायचं. शुभ सकाळचे गुलाब जातात, पण त्याच झटक्यात भाच्याच्या जावळाचे फोटो आणि आजीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आवाजही जातो. महिनाभराने कुणीतरी विचारतं, 'तो व्हिडिओ आहे का रे तुझ्याकडे?' आणि फॅमिली ग्रुपवर शोधाशोध सुरू होते.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने भारतातल्या या शुभ सकाळवर मोठी बातमी केली होती. भारतात दर तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाच्या फोनमधली जागा रोज संपते, अमेरिकेत हेच प्रमाण दहात एक आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात गूगलने 'फाइल्स गो' हे अ‍ॅप आणलं होतं. आजचं 'फाइल्स बाय गूगल' ते हेच. फोनमधला असा कचरा शोधून काढणं हे त्याचं मुख्य काम.

जागा संपणं ही खरं तर लहान अडचण आहे. मोठी अडचण जागा भरपूर असलेल्यांनाही आहे. दहा हजार फोटो आहेत, पण कोण, कुठे, कधी याचा पत्ता नाही.

क्लब नव्हता, पण दुकान होतं

परदेशात कॉम्प्युटर क्लब ही जुनी पद्धत. कॅलिफोर्नियात मार्च १९७५ मध्ये सुरू झालेला 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' त्यातला सगळ्यात गाजलेला. पुढे गावोगावी असे क्लब निघाले आणि तिथे लोक एकमेकांना गाण्यांची यादी कशी लावायची, फोटो कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे हे शिकवत राहिले.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हे काम वेगळ्या ठिकाणी झालं. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्याच्या गावांत पोचला. सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हणून हजारो पोरं-पोरी त्या सेंटरमध्ये बसली. वर्ड, एक्सेल शिकता शिकता फोल्डर कसा करायचा, फाइल कॉपी कशी करायची, पेनड्राइव्ह कसा काढायचा हेही तिथेच कळलं.

दुसरी शाळा होती एसटी स्टँडजवळचं मोबाईल रिचार्जचं दुकान. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे आणि कार्ड भरून घ्यायचं. भावगीतं, लावण्या, भीमगीतं, भारुडं, देवीची गाणी, जे मागाल ते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डरांची रचना एकदम चोख असायची, कारण गिऱ्हाईक उभं असताना शोधत बसायला वेळ नसायचा. हे सगळं कॉपीराइट कायद्यात बसणारं नव्हतं हे खरं, पण कितीतरी घरांनी डिजिटल गाणं पहिल्यांदा ऐकलं ते असंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरण्याचा धंदा बसला.

धंदा बसला तसं एक कौशल्यही हळूहळू गेलं. गाणी आता कुणाच्या तरी सर्व्हरवर असतात, फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप पडतात. फोल्डर नावाची चीज पाहिलीच नाही अशी मुलं आता कॉलेजात आली आहेत. पण घरचे फोटो आणि घरचे आवाज कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर आयते मिळत नाहीत. ते सांभाळायचे तर दुकानदाराची ती शिस्तच कामी येते.

व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे टपाल, कपाट नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

फोनने काढलेला फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. त्यात चित्राबरोबर एक अदृश्य चिठ्ठीही असते. फोटो कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या फोनने काढला आणि लोकेशन चालू असेल तर नेमका कुठे काढला, हे त्यात लिहिलेलं असतं. या चिठ्ठीला एक्झिफ म्हणतात.

तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की दोन गोष्टी होतात. एक, तो दाबून लहान केला जातो. बहुतेक वेळा काहीशे केबी उरतात. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, पण फ्रेम करायला मोठी प्रिंट काढली की चेहरे भुरकट दिसतात. दोन, ती चिठ्ठी गळून पडते. समोरच्याच्या फोनमध्ये फोटोला नवं नाव मिळतं. त्यात आयएमजी, मग एक तारीख, मग डब्ल्यूए ही अक्षरं आणि एक क्रमांक असतो. ती तारीख फोटो काढल्याची नसते, व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याची असते. म्हणजे काकांनी १९९४ च्या लग्नाचा फोटो स्कॅन करून काल पाठवला, तर फोन तो कालचाच समजतो. आपल्याकडे फोटोंची तारीखवार गल्लत होते ती मुख्यतः यामुळे.

यावर मार्ग आहेत. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एचडी पर्याय आला. त्यात फोटो बराच बरा जातो, पण तोही मूळ नसतो. मूळच हवा असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. तसा तो जसाच्या तसा जातो, चिठ्ठीसकट. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाऊ शकते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. लोकेशनही त्याबरोबर जातं. लहान मुलांचे घरातले फोटो अनोळखी माणसांच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकणं म्हणजे घराचा पत्ता टाकण्यासारखंच आहे. नातेवाइकांना मूळ फाइल, बाकीच्यांना साधा फोटो, असा सोपा भेद ठेवता येतो.

कचरा कमी करायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. 'मॅनेज स्टोरेज'मध्ये गेलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवल्या जातात. साफसफाईची सुरुवात तिथून करावी, गॅलरीतून नाही. गॅलरीत सगळं मिसळलेलं असतं, तिथेच हात चुकतो.

आणखी एक. फोटो किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं दिसली तर ती उघडू नका. ते अ‍ॅप असतं, चित्र नव्हे. लग्नसराईत अशा पत्रिका पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार झाले आहेत.

ओव्यांनी शिकवलेली गोष्ट

नाव, गाव, तारीख लिहून ठेवण्याचं महत्त्व सांगायला जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाएवढं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघा अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यातल्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरू झालेलं काम राज्यातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत पोचलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि कॉम्प्युटरचे जाणकार त्यात आले. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस उभा केला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं.

खरी कमाल जमवण्यात नव्हती, मांडण्यात होती. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, तिचं गाव आणि ओवीचा विषय नोंदवला गेला. माहेर, भाऊ, सीता, पंढरी, असे विषयांचे खण पाडले गेले. पुढे पॉइत्वाँ आणि राईरकर दोघेही गेले. पण 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', या संकेतस्थळाने हा संग्रह हाती घेतला आणि २०१७ पासून तो लोकांसमोर आणायला सुरुवात केली, तेव्हा त्या नोंदींच्या आधारे कार्यकर्ते पुन्हा गावांत जाऊ शकले. वीस-बावीस वर्षांपूर्वी गायलेल्या काही बाया त्यांना भेटल्या, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ घेता आले. जिथे गाणारी हयात नव्हती तिथे तिच्या घरच्यांना तिचा आवाज ऐकवता आला.

नुसत्या कॅसेटी असत्या आणि त्यांवर 'ओव्या, भाग ३' एवढंच लिहिलेलं असतं, तर यातलं काही झालं नसतं. आवाज असूनही तो कुणाचा हे कळलं नसतं. आपल्या फोनमधल्या बहुतेक रेकॉर्डिंगची अवस्था आज तीच आहे.

नाव कसं द्यायचं

सुरुवातीला तारीख, मग गाव, मग प्रसंग किंवा माणूस. तारीख उलटी लिहायची, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '२०२३-०३-१२ मढी यात्रा', '१९९४-०५ संगमनेर सुनंदा लग्न'. असं केलं की नावाप्रमाणे लावलेल्या फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. दिवस माहीत नसेल तर महिना, महिनाही माहीत नसेल तर नुसतं वर्ष. वर्षही अंदाजे असेल तर 'सुमारे' हा शब्द घालायला लाजू नये. अंदाज खऱ्यासारखा लिहिला की पुढच्या पिढीची फसगत होते.

एकेका फोटोला नाव देत बसणं कुणालाच जमणार नाही. फोल्डरला नाव द्या, त्यातले निवडक दहा-वीस फोटो वेगळे काढून त्यांना नावं द्या. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

गावाच्या नावाबरोबर तालुका हवाच. १४ तालुक्यांच्या आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या जिल्ह्यात पिंपळगाव माळवी नगर तालुक्यात आहे, पिंपळगाव पिसा श्रीगोंद्यात आणि पिंपळगाव रोठा पारनेरमध्ये. घरात सगळे नुसतं 'पिंपळगाव' म्हणतात. कर्जत म्हटलं तर नगरचं की रायगडचं हे मुंबईत वाढलेल्या नातवाला कसं कळणार?

जिल्ह्याच्या नावाचाही प्रश्न आहेच. २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. बोलताना लोक पूर्वीही 'नगर' म्हणत होते, आताही म्हणतात. म्हणजे एकाच ठिकाणचे फोटो तीन नावांखाली जमणार. जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात अशा वेळी जुनं नाव खोडत नाहीत, नव्याची जोड देतात. घरातही तेच करावं. १९८५ च्या फोटोच्या मागे 'अहमदनगर' लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्यावं, कारण तेही त्या काळाचा पुरावा आहे. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरच्या नावात मात्र दोन्ही घातली की कुठल्याही नावाने शोधलं तरी सापडतं.

नावं मराठीत लिहावीत की इंग्रजी अक्षरांत? फोनमध्ये आणि नव्या कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी व्यवस्थित चालतं. अडतं ते गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टीमवर आणि काही टीव्हींवर. तिथे देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणून गाडीच्या पेनड्राइव्हमधल्या गाण्यांना इंग्रजी अक्षरांत नावं आणि घरच्या मूळ संग्रहात मराठी, अशी विभागणी सोयीची पडते. अंक मात्र दोन्हीकडे इंग्रजी ठेवावेत. वर मराठी अंक दिसतात ते लेख मराठीत आहे म्हणून.

जुन्या सीडीवर गाण्यांची यादी किंवा अल्बमच्या ओळी श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या आज उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडली असं समजून लोक ती टाकून देतात. तसं करू नये. मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात.

गाणी

विकत किंवा वर्गणी भरून ऐकायच्या गाण्यांची काळजी करायचं कारण नाही, ती कंपनी सांभाळते. तरी एक ध्यानात असावं की अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या अ‍ॅपपुरतंच असतं. वर्गणी थांबली की ते वाजत नाही. गूगलची 'प्ले म्युझिक' सेवा २०२० मध्ये बंद झाली तेव्हा ज्यांनी आपली गाणी त्यावर चढवली होती त्यांना ती मुदतीत हलवावी लागली.

स्वतःकडच्या गाण्यांसाठी एमपीथ्री पुरेसं आहे. नेहमीच्या दर्जाच्या एमपीथ्रीचं एक मिनिट साधारण १ एमबी घेतं. दाब न दिलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलचं तेच मिनिट १० एमबी. सिनेमाचं गाणं एमपीथ्रीत असलं म्हणून बिघडत नाही, ते पुन्हा कुठेही मिळेल. घरातला आवाज मात्र आधी डब्ल्यूएव्हीमध्ये घ्यावा आणि मग वाटण्यापुरती एमपीथ्री करावी.

एमपीथ्री फाइलच्या पोटातही चिठ्ठी असते. गायक, अल्बम, वर्ष वगैरे. मेमरी कार्डवरून आलेल्या गाण्यांत गायकाच्या जागी एखाद्या वेबसाइटचं नाव दिसतं, ते त्या साइटने आपली जाहिरात त्या चिठ्ठीत घुसवल्यामुळे. एमपीथ्रीटॅग नावाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर एका वेळी शंभर गाण्यांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करतं.

गाडीत गाणी क्रमाने वाजत नाहीत ही तक्रार फार जुनी. अनेक म्युझिक सिस्टीम नावाचा क्रम बघत नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी वाजवतात. आरती शेवटी आणि मंगलाष्टक आधी येतं ते यामुळे. पेनड्राइव्ह रिकामा करून हव्या त्या क्रमाने एकेक फाइल टाकली की प्रश्न सुटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज, म्हणजे व्हॉइस नोट, वेगळ्या प्रकारच्या फाइलीत असतात. साधारण म्युझिक प्लेअर त्या दाखवत नाही. जुन्या नोकियावर केलेलं रेकॉर्डिंग एएमआर किंवा थ्रीजीपी असतं, तेही अनेक फोन वाजवत नाहीत. अशा वेळी फाइल खराब झाली असं ठरवण्याआधी व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून पाहावी. तो फुकट आहे आणि जवळजवळ काहीही वाजवतो. महत्त्वाची व्हॉइस नोट असेल तर ती चॅटमधून बाहेर काढून, नाव देऊन, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फोन बदलताना चॅटचा बॅकअप फसला की आवाज गेलाच.

कॅसेटी आणि लग्नाचे व्हिडिओ

इथे घाई आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमीच होणार. चुंबकीय टेपही कायमची टिकत नाही, आणि १९८० ते २००० या काळातल्या लग्नांचे व्हिडिओ आज त्या वयाला पोचले आहेत.

जिल्ह्यातलं हवामानही एकसारखं नाही. अकोल्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो. तिथे टेपला बुरशी धरते. जामखेड-पाथर्डीकडे धूळ आणि ऊन. टेपच्या खिडकीतून पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट चालवून बघण्याचा मोह आवरा. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि मग त्यात घातलेली पुढची चांगली कॅसेटही बिघडते. अशी कॅसेट जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्यावी.

आवाजाची कॅसेट घरी उतरवणं अवघड नाही. चालू टेपरेकॉर्डर, त्याच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला जाणारी वायर आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन बारीक खिट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, यात शॉर्टकट नाही. ऐकत ऐकत कोण बोलतंय हे वहीत लिहून घेतलं तर तेवढा वेळ सत्कारणी लागतो. शेजारी घरातलं एखादं वयस्क माणूस बसवावं. त्यांना ओळखू येणारे आवाज दुसऱ्या कुणालाच ओळखू येणार नाहीत.

लग्नाचा व्हिडिओ दुकानातून उतरवून घेताना डीव्हीडी मागू नका, फाइल मागा. डीव्हीडी वाजवणारं यंत्र तरी आता किती घरांत आहे? फाइल पेनड्राइव्हवर घेताना 'जागा आहे पण कॉपी होत नाही' असा प्रकार हमखास होतो. पेनड्राइव्ह एफएटी-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तोच पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की काम होतं. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं ध्यानात ठेवावं.

मालकी कुणाची, हा प्रश्न स्टुडिओवाल्याशी वाजतो तेव्हा उठतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. तेव्हा अल्बमबरोबर मूळ फाइली मागाव्यात आणि ही गोष्ट ऑर्डर देतानाच ठरवावी.

आता रील करणाऱ्यांविषयी. या जिल्ह्यात कॅमेरा हाती घेणाऱ्यांची कमी नाही. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तो नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकत असतानाच. पण सिनेमा शिकलेली माणसं मूळ चित्रीकरण जपतात, रीलवाले बहुतेक करून जपत नाहीत. अ‍ॅपवर चढवलं की फोनमधलं काढून टाकतात. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी कलाकारांचं सगळं काम एका रात्रीत पडद्याआड गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मायस्पेसने तर २०१९ मध्ये जाहीर केलं की जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवताना २०१५ पर्यंत चढवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ बहुधा कायमचे गेले. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल या तिघांकडेही आपला सगळा माल एकत्र डाउनलोड करून घ्यायची सोय आहे. गूगलच्या सोयीचं नाव 'टेकआउट'. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, ते करून टाकावं.

जुने अल्बम

चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी पान ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून फोटो काढा. स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरे. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का आणि कुणाच्या तरी हातची तारीख असते. मागे नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

किती प्रती, कुठे?

जगभरचे फोटोग्राफर ३-२-१ हा नियम पाळतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचं तर एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा फोनमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. क्लाउड नको असेल तर दुसरी हार्ड डिस्क पुण्याला असलेल्या भावाकडे ठेवा. नगरच्या बहुतेक घरांतून पुण्याला कुणी ना कुणी असतंच. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करायची साधनं आहेत, वर्षानुवर्षं ठेवायची नव्हेत. हार्ड डिस्कही कधी ना कधी बंद पडते, म्हणून दर चार-पाच वर्षांनी नवी घेऊन त्यावर कॉपी करावी लागते.

क्लाउड फुकट आहे हा समज आता सोडायला हवा. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता १५ जीबी मिळते आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. ४ एमबीचा एक फोटो धरला तर नुसते फोटो ठेवले तरी पावणेचार हजारांत कोटा संपला. फोर-केमध्ये व्हिडिओ काढत असाल तर एकेक मिनिट १७० एमबी ते त्याच्या दुप्पट खातं. घरगुती कार्यक्रमाला १०८० पुरेसं असतं.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोनवर 'फ्री अप स्पेस' दाबलं तर क्लाउडवर गेलेले फोटो फोनमधून निघतात, क्लाउडवर राहतात. पण बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून थेट डिलीट केलं तर दोन्हीकडून जातात. जागा करण्याच्या नादात सगळ्यात जास्त फोटो इथे गेले आहेत. गेल्याचं लगेच ध्यानात आलं तर 'ट्रॅश'मध्ये बघा, बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात.

हे काम एकट्याने होत नाही

एका घरात फोटो असतात, पण ओळखणारी आत्या दुसऱ्या गावी असते. म्हणून फॅमिली ग्रुपचाच छोटा क्लब करून कामं वाटून घेतलेली बरी. एकाने स्कॅन करायचं, एकाने फोल्डर लावायचे, एकाने ज्येष्ठांना फोन करून नावं विचारायची. विचारायचे फोटो ग्रुपवर क्रमांक टाकून पाठवा, म्हणजे 'चौथ्यात डावीकडून दुसरी कोण?' असं विचारता येतं आणि उत्तरही नेमकं येतं. ग्रुपवर फोटो लहान होऊन गेला तरी इथे चालतं, कारण हवं आहे ते नाव. आलेलं उत्तर मात्र त्याच दिवशी मूळ फाइलच्या नावात उतरवलं पाहिजे. चॅटमध्ये राहिलं की ते शुभ सकाळखाली गाडलं जातं.

अकाउंट कुणाच्या नावावर आहे हेही ठरवून घ्या. घरातल्या सगळ्यांचे फोटो थोरल्या मुलाच्या जीमेलवर असतात आणि त्याने सिम बदललं की ओटीपी कुणाला जातो हे कुणालाच माहीत नसतं. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल पुसून टाकू शकतं. हे धोरण २०२३ मध्ये आलं. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ठरावीक महिने अकाउंट वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कोणता डेटा कुणाच्या हाती द्यायचा हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. फेसबुकवर अशीच 'लेगसी कॉन्टॅक्ट'ची सोय आहे. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम आहे. हार्ड डिस्कवर मात्र कुठलीही कंपनी कुणाला कळवत नाही. तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून आत काय आहे, शेवटची कॉपी कोणत्या महिन्यात केली आणि दुसरी प्रत कुणाकडे आहे, एवढं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावं.